फाटकावरचा माणूस

गिरणीत काम मागायला कोणी मालकाकडे जात नसे. मॅनेजरकडेही जात नसे. रत्नागिरीकडून बोटीने आलेला किंवा साताऱ्याहून, जुन्नरहून चालत-रेल्वेने आलेला तरुण आधी आपल्या गावकऱ्याची खोली शोधत लालबाग-परळच्या गल्ल्यांत फिरे. एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत असत. तिथे त्याची वळकटी पडे. मग एखाद्या संध्याकाळी तो गावकरी त्याला एका माणसापुढे उभा करी. तो माणूस दोन-चार प्रश्न विचारी : कोणाचा कोण, गाव कुठले, जामीन कोण राहणार. यंत्राबद्दल काहीच विचारत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याच्या आधी तरुण फाटकावर उभा राही, आणि त्या माणसाने बोट दाखवले तर आत जाई.

हा माणूस म्हणजे जॉबर. गिरणगावच्या बोलीत मुकादमही. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत त्यालाच सरदार म्हणत, मद्रासकडे मेस्त्री, चहा-कॉफीच्या मळ्यांत कंगाणी. नावे वेगळी, काम तेच. आज व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत भारतातील व्यवस्थापनाचा इतिहास बहुधा उद्योगपतींच्या चरित्रांपासून सुरू होतो आणि नंतर थेट अहमदाबाद-कलकत्त्याच्या संस्थांपाशी येऊन थांबतो. मधल्या शंभर वर्षांत लाखभर माणसांकडून रोज काम कोण करून घेत होते, हा प्रश्न त्यात येत नाही. आला तरी उत्तर एका ओळीत मिळते : जॉबर नावाचा एक लाचखाऊ दलाल होता, पुढे शास्त्रशुद्ध पद्धती आल्या आणि तो गेला.

तो लाचखाऊ होता, यात शंका नाही. पण ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही, असे मला वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गिरण्या भराभर उभ्या राहिल्या, त्या बहुतेक व्यापाऱ्यांनी उभ्या केल्या. कापूस कधी घ्यायचा, सूत कधी विकायचे, पैसा कुठून उभा करायचा, यात त्यांचे डोके चाले. गिरणीचा कारभार मॅनेजिंग एजन्सीकडे असे, आणि एजंटांचे कमिशन सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले असे. गिरणी तोट्यात असली तरी चाके फिरत राहिली की एजंटाचे भागत होते. यंत्रे लँकेशायरची आणि पहिल्या काळात ती चालवून देणारे मास्तरही तिकडचेच. त्यांना यंत्र कळे, पण मालवणी-घाटी मराठी कळत नसे. पुढे पारशी मास्तर वाढले; १८८७ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून शिकून येऊ लागले. तरीही मास्तर आणि साचेवाला यांच्यामध्ये एक माणूस लागतच होता.

त्याहून मोठे कारण बाजाराचे होते. मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. तिकडच्या मागणीत, रुपया-चांदीच्या दरात, पुढे जपानी स्पर्धेत जे काही हले, ते इथे खात्यात जाणवे. आज दोन पाळ्यांची माणसे हवीत, तर दोन महिन्यांनी निम्मी नकोत. अशा धंद्यात कायमची माणसे बाळगणे मालकाला महाग वाटे. हवी तेव्हा मिळावीत आणि नको तेव्हा जावीत, अशी माणसे त्याला हवी होती. पण 'नको तेव्हा गेलेली' माणसे पुन्हा 'हवी तेव्हा' मिळण्यासाठी मधल्या काळात ती मुंबईत जगली पाहिजेत. त्यांना कोणी उधारीवर जेवू घातले पाहिजे, खोलीचे भाडे थकले तर कोणी शब्द टाकला पाहिजे, वाण्याला कोणी सांगितले पाहिजे की माणूस माझा आहे. हे काम मालक करणार नव्हता. ते जॉबर करी.

म्हणून जॉबरच्या सत्तेचे मूळ गिरणीच्या आत कमी आणि बाहेर जास्त होते. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवर जे संशोधन केले, त्यातला हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणतात त्याचा आशय असा, की जॉबरला सर्वशक्तिमान समजणे चूक आहे. त्याला वस्तीतली आपली पत रोज सांभाळावी लागे. एखादा जॉबर खानावळीशी किंवा भिशीशी जोडलेला असे, एखादा तालमीचा किंवा गणपतीचा आधार असे, एखाद्याच्या शब्दावर चाळीत खोली मिळे. त्याच्या पंखाखालच्या माणसांना वाटले की हा आता काम मिळवून देत नाही, तर शेजारच्या गल्लीत दुसरा जॉबर होताच. माणसे तिकडे जात, आणि माणसे गेली की मास्तरच्या दृष्टीने या जॉबरची किंमत संपे.

मास्तरपुढे तो कामगारांचा माणूस होता आणि कामगारांपुढे मास्तरचा. दोन्हीकडून त्याला थोडे थोडे खावे लागे आणि दोन्हीकडे थोडे थोडे द्यावे लागे. नव्या माणसाला लावताना तो दस्तुरी घेई, रजेवरून परतलेल्याला पुन्हा कामावर घेताना घेई, चांगला साचा देण्यासाठी घेई. बायकांच्या रिळांच्या खात्यात हेच काम नायकीण करी आणि हाच हात पुढे करी. पगार महिना संपल्यावर कित्येक दिवसांनी हातात पडे. नव्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत सहा-सहा आठवडे जात. मधल्या काळात उसने देणारा किंवा सावकारापाशी जामीन राहणारा पुन्हा तोच. म्हणजे ज्या उशिरामुळे कामगार कर्जात पडे तो उशीर मालकाचा, आणि कर्जाचे नाव मात्र जॉबरचे. शिव्या त्यालाच पडत. मालक पेढीवर दानधर्मात नाव कमावीत बसे.

हे समजून घेतले नाही तर १८९६-९७ च्या प्लेगची गोष्ट कळत नाही. शहरातून माणसे लोंढ्याने गावी गेली आणि गिरण्या ओस पडू लागल्या. उरलेल्यांची किंमत एकदम वाढली. गिरण्यांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले, एक गिरणी दुसरीची माणसे फोडू लागली. १८७५ पासून अस्तित्वात असलेली मालकांची संघटना आपल्या सभासदांना शिस्तीत ठेवू शकली नाही. जॉबर आपली टोळी घेऊन जास्त देणाऱ्याकडे गेले. एवढी वर्षे मालकांनी स्वस्त म्हणून ज्या व्यवस्थेला पोसले होते, तिचे बिल असे आले. प्लेग ओसरल्यावर मात्र ते सारे विसरून पुन्हा तीच पद्धत चालू राहिली.

जॉबर बरेच काही देऊ शकत होता. काय देऊ शकत नव्हता तेही पाहायला हवे. रविवार देऊ शकत नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार माणसांच्या सह्यांचे निवेदन केले, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई अशा मागण्या होत्या. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते, 'दीनबंधू' चालवीत होते. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यातली प्रत्येक मागणी जॉबरच्या हाताबाहेरची होती. कारण जॉबर ज्याला देई त्याला एकेकट्याला देई : तुला काम, तुला उसने, तुला रजा. सगळ्यांना एकदम काही देणे म्हणजे त्याच्या धंद्याच्या मुळावर येणे.

आणि 'आपली माणसे' म्हटले की कोणीतरी आपले नसणारही आलेच. गावकी, भावकी, जात या धाग्यांनी भरती होत असल्यामुळे खातीही त्या धाग्यांनी विणली गेली. विणकाम खात्यात पगार सर्वांत चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई, की कांडी बदलताना धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सूत ओढून घ्यावे लागते; त्यात विटाळ होईल. ही बंदी कोणत्या मालकाच्या हुकुमावर अवलंबून नव्हती. ती साचेवाल्यांनी आणि जॉबरांनी मिळून पाळलेली होती, आणि मालकांनी त्यात हात घालण्याचे कारण नव्हते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच पुढाऱ्यांपुढे मांडले : ज्या संपात आमच्या माणसांनी उपाशी राहायचे, त्या संपाच्या मागण्यांत विणकाम खात्याचे दार उघडण्याची मागणी का नाही? जॉबरच्या मायेच्या सावलीबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्याने हा प्रश्न आधी वाचावा. मीही तो समोर ठेवूनच हे लिहीत आहे.

१९२८ चा तो संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. निमित्त होते नव्या व्यवस्थापनाचे. त्या काळी रॅशनलायझेशन हा शब्द जगभर गाजत होता. मुंबईत त्याचा अर्थ असा निघाला, की दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, सूतकताईतल्या माणसाने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, आणि उरलेल्यांनी घरी जावे. ससून गटाच्या गिरण्यांनी यात पुढाकार घेतला होता. कापूस तोच हलका, सूत तसेच तुटणारे, हवा तशीच कोंदट, आणि हिशेब मात्र नवा. विणकराने तिसरा साचा घेतल्यावर सूत जास्त वेळा तुटले तर दंड कोणाला, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते.

या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि तिने गिरणी-गिरणीत समित्या केल्या. आजवर खात्यातली तक्रार जॉबरमार्फत वर जात होती. आता समितीचा माणूस सरळ मास्तरपुढे जाऊन उभा राहू लागला. जॉबराने हाकलले तर समिती विचारणा करू लागली. काही जॉबर युनियनबरोबर गेले, काही मालकांसाठी माणसे गोळा करून संप फोडू लागले, पण दोघांचीही जुनी जागा हलली ती हलली. माझ्या मते गिरणीच्या इतिहासात जॉबरच्या सत्तेला पहिला खरा धक्का इथे बसला, आणि तो कामगारांनी दिला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि समित्या मोडल्या. जागा पुन्हा रिकामी झाली.

त्या रिकाम्या जागेवर सरकारचे लक्ष गेले. ब्रिटिश पार्लमेंटचे माजी सभापती जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये रॉयल कमिशन नेमले गेले, ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात जॉबरवर स्वच्छ ठपका आला आणि उपाय सांगितला गेला : भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातातून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, त्यापाठोपाठ मालकांच्या संघटनेनेही आपला नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डे निघाली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचे, आणि कोणाचा खाडा पडला तर त्यांच्यातूनच माणूस घ्यायचा, म्हणजे फाटकावर बोट दाखवण्याचा खेळ बंद होईल, अशी कल्पना. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिथे कामगार कल्याणाचे काम शिकलेले अधिकारी तयार होऊ लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. पुढे तोच पर्सोनेल मॅनेजर झाला आणि आता त्याला एचआर म्हणतात. आपल्याकडच्या एचआरची ही वंशावळ आहे : जॉबरला हटवण्यासाठी जो आणला, त्याचा हा नातू.

काय बदलले? दस्तुरी कमी झाली, ती एकदम थांबली मात्र नाही. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार वेळेवर आला, मनमानी दंडाला लगाम बसला. हे फार मोठे लाभ आहेत आणि ते लढून मिळालेले आहेत. पण बदली राहिला. कार्डाने बदलीला ओळख दिली, काम दिले नाही. १९५० मध्ये बदल्यांची भरती नोंदणी केंद्रांतून करणारी योजना आली. तीतही बदली हा बदलीच राहिला. रोज सकाळी फाटकावर यायचे, नाव निघाले तर आत, नाही तर घरी. कित्येकांचे आयुष्य असे गेले. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांमध्ये बदल्यांना कायम करण्याची मागणी होती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून जो इतिहास गोळा केला, तो वाचताना ही बदलीची टांगती जिणी पुन्हा पुन्हा भेटते.

म्हणजे कमिशनने रोग बरोबर ओळखला की नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. जॉबर हा रोग धरला गेला. हवी तेव्हा माणसे आणि नको तेव्हा जबाबदारी नाही, ही जी मालकाची गरज होती, तिला कोणी हात लावला नाही. जॉबर त्या जबाबदारीचा बोजा वाहणारा हमाल होता. हमाली म्हणून तो वाटेत चार दाणे काढून घेत असे. हमाल काढला, पण बोजा मालकाच्या डोक्यावर गेला नाही. तो कामगाराच्याच डोक्यावर परत आला. पूर्वी काम सुटलेल्या महिन्यात दार ठोठावायला एक तरी माणूस होता, मग तो कसाही असो. लेबर ऑफिसरच्या दारावर रात्री कोणी जात नाही. कार्ड खानावळीत जामीन राहत नाही.

दुसरा मार्ग नव्हताच असे म्हणता येत नाही. नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि कारभार बेझनजी मेहता यांच्याकडे दिला. हे गृहस्थ रेल्वेतून आलेले, कापडाचा गंध नसलेले. मुंबईसारखा माणसांचा महापूर नागपुरात नव्हता. आलेली माणसेही सणाला, शेतीला, लग्नाला निघून जात आणि खाड्यांनी खाते बंद पडायची वेळ येई. त्यावर या दोघांनी दंड वाढवले नाहीत. १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड, शिवाय हवा खेळती ठेवण्याची सोय आणि चांगल्या हजेरीला बक्षिसे. जॉबर तिथेही होतेच. पण म्हातारपणी काय, हात तुटला तर काय, या प्रश्नांची काही उत्तरे गिरणीने स्वतःकडे घेतली होती. आणि एम्प्रेस मिल तोट्यात गेली नाही, भागधारकांना तिने भरपूर लाभांश दिला. मुंबईच्या मालकांना हे माहीत नव्हते असे नाही. जमशेटजी त्यांच्यातच उठबस करणारे होते. त्यांना गरज वाटली नाही, कारण फाटकावर गर्दी होती.

मी काही वर्षे एका कारखान्याच्या कार्मिक विभागात काढली आहेत. मस्टरवर जेवढी नावे होती, त्याच्या दुप्पट माणसे सकाळी फाटकातून आत येत. उरलेली ठेकेदाराची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची नोंदवही आम्ही नेटकी ठेवीत होतो. एकदा ठेकेदाराच्या एका पोऱ्याचे बोट मशिनीत गेले, तेव्हा त्याचे पूर्ण नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ठेकेदाराचा सुपरवायझर धावत आला आणि त्याला नाव, गाव, बापाचा फोन, सगळे पाठ होते. रिक्षाचे पैसेही त्यानेच दिले. नंतर ते त्याच्या मजुरीतून कापले, हेही मला माहीत आहे. त्या दिवशी जॉबर म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळले.

गिरण्या गेल्या, त्यांच्या चिमण्याही बहुतेक पडल्या. मुकादम मात्र महाराष्ट्रातून गेलेला नाही. बीड, अहमदनगर, जालना, परभणीकडची लाखो माणसे दर वर्षी ऊस तोडायला जातात, ती मुकादमामार्फत. साखर कारखाना उचल मुकादमाला देतो. मुकादम ती कोयत्याला देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघांचा मिळून एक. कारखान्याच्या मस्टरवर या माणसांचे नाव नसते. पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. एखादे जोडपे उचल घेऊन आलेच नाही, तर कारखान्याला भरून देतो तो मुकादम, त्यासाठी तो स्वतः जमीन गहाण टाकतो, किंवा माणसे पाठवून त्या जोडप्याला उचलून आणतो. दोन्ही प्रकार घडतात, आणि पुष्कळदा एकाच मुकादमाच्या हातून.

उचल साधारण पावसाळ्यातच वाटली जाते. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला ती खर्च होऊन जाते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या सुमारास गावोगावच्या पारावर ट्रक आणि ट्रॅक्टर लागलेले असतील. वर भांडी, सरपण, पाल बांधायचे कापड, शेळी, लहान पोरे. खाली मुकादम वही घेऊन उभा असेल आणि कोयते मोजत असेल.